वारं धरलेली गाडी

लढाई संपली आणि सरकारनं आपल्या लष्करी गाड्या पुण्यात लिलावाला काढल्या, तेव्हा हिर्डोशीच्या चिमाजीअण्णांनी त्यातली एक डिझेलची लॉरी उचलली. लॉरी बसऱ्याच्या वाळवंटात इतकी फिरली होती की गादी झटकली की घमेलंभर वाळू निघे. त्या वाळूत अण्णांनी पुढं गोठ्याचा ओटा बांधून काढला म्हणतात. मागच्या हौद्यात फळ्या ठोकल्या, वर ताडपत्री ताणली, आणि भोर ते हिर्डोशी अशी उतारूंची गाडी सुरू झाली. धूर मात्र असा काळा सोडायची की तिच्यामागून चालणारी पांढरी शेळी गावात पोचेस्तोवर काळी झालेली असे, आणि धनगर तिला आपली म्हणायला तयार होत नसत.

गाडीवर ड्रायव्हर होता पासलीचा मानसिंग. तोही बसऱ्याहून आलेला. पलटणीत त्यानं लॉऱ्या हाकल्या होत्या, आणि इंजिनाला नुसता कान लावून रोग सांगतो अशी त्याची ख्याती होती. ही ख्याती पसरवायचं काम तो स्वतःच करत असल्यामुळं ती लवकर पसरली. कुठला नट ढिला आहे एवढंच नव्हे, तर तो आवळणारा डावखुरा होता की उजवा, हेही आवाजावरून कळतं असं तो सांगे. एकदा भोरच्या बाजारात त्यानं एका म्हाताऱ्याच्या छातीला कान लावून खोकला नोझलमधला आहे असं सांगितलं, आणि म्हातारा समाधानानं घरी गेला.

असा माणूस परत चिखलात उतरणार नव्हता. पासलीत थोरला भाऊ रायबा भात लावी. मानसिंग पलटणीतून आला तेव्हा रायबानं गुडघाभर चिखलात उभ्या उभ्या विचारलं होतं, "आलास? तुझी जागा राखून ठेवलीया बघ हितं." मानसिंगनं बुटाकडं पाहिलं आणि सांगितलं, "दादा, ह्या पायाला आता चिखल लागायचा न्हाई." रायबा एवढंच म्हणाला, "बघू." त्या "बघू"च्या भीतीनं मानसिंग अण्णांच्या गाडीवर चिकटून बसला होता. ड्रायव्हरची ती गादी सुटली तर खाली चिखलच होता.

गाडी पहिल्यांदा अडली ती निगुडघरच्या पुढं, चढावरच्या एका वळणावर. भोरचा बाजार करून परतायची खेप होती. हौद्यात माणसं, कोंबड्या आणि मिठाची पोती अशी एकमेकांच्या मांडीवर होती. गाडीनं दोन आचके दिले, उसासा टाकला आणि बसली.

डिझेलच्या गाडीची गोष्ट अशी की टाकीतलं तेल एक लहान पंप ओढतो, ते गाळणीतून पुढं जातं, आणि मोठा पंप ते जोरानं दाबून नोझल नावाच्या बारीक तोटीतून इंजिनात सोडतो. सगळा खेळ त्या दाबाचा. वाटेत कुठं फटीतून हवा आत आली की दाब बसतो, आणि दाब बसला की गाडीही बसते. मानसिंगला हे बसऱ्यापासून तोंडपाठ होतं. त्यानं झाकण उचललं, नळीच्या जोडाला बोट लावलं, बोट ओलं निघालं. वॉशर फाटला होता. निदान एका क्षणात झालं, आणि इतकं बरोबर झालं की पुढचं सगळं बिघडायला तेवढंच पुरलं.

हौद्यातून हिर्डोशीच्या कोंडाबाईनं मान बाहेर काढली. ही बाई गाडीची नेहमीची उतारू. गाडी तिच्यासाठीच निघते अशी तिची समजूत होती, आणि ती मोडायची हिंमत अण्णांनाही नव्हती.

"काय झालं वं डायवर?"

"काही न्हाई आत्या. वारं धरलंय गाडीनं."

हौद्यातली कुजबुज थांबली. कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.

"वारं?" कोंडाबाईनं पदर डोक्यावर घेतला. "कुनाचं?"

"कुनाचं म्हंजी? भायेरचं."

आता बाहेरचं वारं म्हणजे काय, हे त्या मुलखात तान्ह्या पोरालाही सांगावं लागत नाही. माणसं भराभर उतरली. एकानं कोंबडीचे डोळे झाकले. वळणाच्या वरच्या अंगाला सोनबा धनगर शेळ्या राखत होता. त्याच्या वाडीवर तो भगत होता, आणि वळणावर एक देवीचा दगड होता, त्याला तो जाता-येता शेंदूर लावी. देवीचं नाव त्यालाही ठाऊक नव्हतं. तो काठी टेकत खाली आला आणि गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "कुठनं शिरलं?"

"फटीतनं," मानसिंग म्हणाला. तो पान्हा घेऊन आत वाकला होता. मागं काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता.

"काढाया लागंल मग."

"म्याच काढतो की. त्यात काय. वरली नळी ढिली करायची, हातानं पंप मारायचा, की फसफसत भायेर पडतंय."

आणि तसंच झालं. सगळ्यांदेखत मानसिंगनं नळी ढिली केली, पंप मारला, आणि तिच्या तोंडातून फेस आला. बुडबुडे, फुरफुर, मग पुन्हा फेस. घुमणाऱ्या बाईच्या तोंडाला येतो तस्साच. मग स्वच्छ तेल आलं. मानसिंगनं नळी आवळली, गाडी चालू झाली, आणि वळून बघतो तर तीस माणसं हात जोडून उभी.

सोनबा टाकीजवळ आला. टाकी बाहेरच्या अंगाला, पायरीमागं होती. तिचं झाकण पितळी, आणि त्याच्या मधोमध सुईच्या टोकाएवढं एक भोक. सोनबा म्हणाला, "बंदोबस्त केलेला बरा. त्वांड हितं हाय न्हवं तिचं?"

"तोंड हितंच," मानसिंग म्हणाला.

"शेंदूर लावू?"

मानसिंग हसला. "लावा की. तेवढ्यानं काय बिघडतंय?"

त्याच रात्री उतारू सोडून भोरला परतल्यावर त्यानं नवा वॉशर कापून घातला. जोड सुकला, रोग गेला. पण दगडाला आता नाव मिळालं होतं, वळणजाई. आणि बाजारच्या दर दिवशी गाडी वळणावर येताना माणसं हाळी देऊन थांबवू लागली. नारळ फुटे, तेलात कालवलेला शेंदूर आधी देवीला लागे, उरलेला गाडीच्या तोंडाला. काही आठवड्यांत झाकण इतकं लाल आणि जाड झालं की सावळा नावाचा क्लीनर आंघोळ करून, पागोटं सारखं करूनच त्याला हात लावी. तेल भरायचं काम त्याचंच होतं. मानसिंग पलटणीतला माणूस. शेंदराशी त्याचा संबंध नव्हता.

आणि मग एके दिवशी कुणी हाळी न देताच गाडी वळणावर थांबली. तेच आचके, तोच उसासा.

मानसिंगला वाटलं, वॉशर गेला. बघतो तर जोड कोरडा ठणठणीत. तोवर सोनबा आला, नारळ फुटला, थोडा वेळ गेला, मानसिंगनं हातपंप मारला, दोनचार बुडबुडे आले, गाडी चालू. पुढच्या बाजारी तिथंच. त्याच्या पुढच्या बाजारीही तिथंच. भोरला येताना उताराला गाडी घरंगळत येई, तेल फारसं ओढतच नसे, तेव्हा काही होत नसे. यावर कोंडाबाईचा खुलासा असा की आई चढाला मान घेते आणि उताराला माफ करते.

मानसिंगनं काय केलं नाही ते विचारा. नळीचा एकूण एक जोड त्यानं उघडून आवळला. गाळणीचं कापड धुतलं, वाळवलं, परत धुतलं. लहान पंप खोलून त्याच्या पडद्याला कान लावला. नळी तोंडानं फुंकली, तोंडानं ओढली, आणि इतकं तेल पोटात गेलं की आठवडाभर त्याची ढेकर ऐकून भोरची कुत्री रस्ता सोडत. भोरात गाडी तासन्‌तास चालू ठेवली तर मांजरासारखी गुरगुरत राही. कारण तिथं काम करताना टाकीचं झाकण उघडंच असायचं. पण उघड्या झाकणाकडं कोण बघतो?

वळणावर गाडी थांबली की सोनबाची पूजा सुरू होई, आणि मानसिंग समोरच्या जांभळीखाली जाऊन पाठ करून बिडी ओढत बसे. इंजिनाचा माणूस तो; ते दृश्य बघणं त्याच्या कमीपणाचं होतं. पूजा अशी असे. सोनबा टाकीच्या तोंडाशी वाके आणि विचारी, "आई, राग सोडलास का? सोडला असशील तर हूं म्हन." मग झाकण फिरवी. आणि टाकी म्हणे, "हुंऽऽ."

चांगला लांब, आत ओढून घेतलेला हुंकार. हौद्यातली सगळी माणसं तो ऐकत, माना डोलावत. आंधळ्या म्हातारीनं ऐकला, तान्ह्या पोरानं ऐकला. ज्याचा कान सगळ्या तालुक्यात नावाजलेला, तो तेवढा जांभळीखाली बसलेला असे. मग तो येऊन पंप मारी, गाडी चालू होई, आणि त्याला वाटे की त्यानं चालू केली.

चिमाजीअण्णांच्या कानावर गोष्टी जायला वेळ लागला नाही. अण्णांची बायको वेल्ह्याकडची. तिचा भाऊ गेनू. त्यानं कुणा साहेबाची मोटार एकदा चालवली होती आणि एकदा धुतली होती. तो बहिणीकडं पाहुणा म्हणून आला आणि जायचं विसरला. त्यानं एक फेरी गाडीतून केली आणि अण्णांना सांगितलं, "दाजी, डायवर बिडी वढतुया आनि गाडी देव हाकतुया. मग डायवर पाहिजे कशाला? बसाया मीबी बसंन."

अण्णा तोलून बोलणारे. त्यांनी मानसिंगला बोलावलं. "मानसिंग, गाडी दर बाजारला अडती. लोक दर खेपेला अंधारून घरी पोचत्यात. माझ्या धंद्याचं काय?"

"अण्णा, रोग घावला की झालं."

"मग घावंना का? तुझा कान गेला कुठं? येत्या बाजारला मी सोता बसतो. अडली, तर गादीवर गेनू."

मानसिंगच्या पायाच्या तळव्यांना त्या दिवशी उगाचच गार लागलं. पासलीतला चिखल आठवला. त्यात त्याच्यासाठी राखलेली जागा आठवली.

येत्या बाजारी अण्णा पुढं बसले, गेनू त्यांच्या शेजारी. परतीचा चढ लागला. मानसिंग कान देऊन चालवत होता. वळण आलं. आचका, आचका, उसासा.

गेनू आधी उतरला. "तुमी बसा डायवर, दमला असाल," असं म्हणून तो थेट जांभळीखाली गेला, मानसिंगच्या रोजच्या दगडावर टेकला आणि बिडी पेटवली. मानसिंगला आता जायला जागाच राहिली नाही. तो तिथंच गाडीच्या पायरीवर, टाकीला पाठ लावून, डोकं धरून बसला.

सोनबानं नारळ फोडला. वाकला. "आई, राग सोडलास का? सोडला असशील तर हूं म्हन."

"हुंऽऽ."

मानसिंगच्या पाठीला टाकीचा पत्रा थरथरलेला जाणवला. तो ताडकन उठला. त्याचे डोळे लाल झाकणावर गेले, मग सोनबाच्या तोंडावर, मग परत झाकणावर. रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल पडत नाही, वर दुसरं पाडावं लागतं, हे त्याच्या आईला ठाऊक होतं, रायबाला ठाऊक होतं, हौद्यातल्या एकूण एक बाईला ठाऊक होतं. वरून हवा गेल्याशिवाय तेल खाली सरकत नाही. टाकीचं ते सुईएवढं भोक त्यासाठीच होतं, आणि ते वळणजाईच्या शेंदरात गाडलेलं होतं. पंप बिचारा ओढतोय, ओढतोय, आणि टाकी श्वास कोंडून बसलीय. भोरपासून या वळणापर्यंत तिचा दम पुरे. गेले कित्येक आठवडे तो वारं कुठून शिरतंय ते शोधत होता. वारं शिरतच नव्हतं, हा रोग होता.

"सोनबा," तो हळूच म्हणाला, "परत एकदा लावून उघडा की."

"आई एकदाच बोलती," सोनबा म्हणाला. "ती काय तुझ्या पलटनीतली हाय?"

मानसिंगनं अण्णांचे पाय धरले नाहीत, पण त्याच्या जवळपास गेला. "अण्णा, घावला रोग. अजून एक बाजार द्या. गाडी भोरात सुटली की हिर्डोशीतच उभी ऱ्हाईल."

अण्णांनी गेनूकडं पाहिलं, गेनूनं बिडीकडं. "बरं," अण्णा म्हणाले. "एक बाजार."

पुढच्या बाजारी परत निघताना भोरात सावळा आंघोळीला गेला होता, तेवढ्यात मानसिंगनं बाभळीचा काटा काढला, झाकणाच्या मधोमध टोचला, शेंदराचा बोळा बाहेर ओढला आणि भोकाला तोंड लावून फुंकलं. मग वरचा रंग बोटानं सारखा केला. तोंडाला लागलेलं लाल त्यानं बाहीला पुसलं.

गाडी सुटली ती काय सांगावी. निगुडघर मागं गेलं. चढ आला. इंजिन असं गात होतं की मानसिंगला डोळे मिटून ऐकावंसं वाटलं, आणि पुढं वळण नसतं तर त्यानं मिटलेही असते. वळणावर सोनबा नारळ हातात घेऊन उभा होता. गाडी त्याच्यासमोरून धूर सोडत निघून गेली. मानसिंगनं भोंगा वाजवला. पलीकडच्या टेपाडावर पोचेपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही की मागं हौद्यात कुणी बोलत नाहीये.

मग कोंडाबाईचा आवाज आला. "थांबव."

"आत्या, अडली न्हाई बघा आज."

"म्हनूनच म्हनती, थांबव. आई उतरली गाडीतनं. बिन-आईच्या गाडीत म्या न्हाई बसायची. म्होरं एका अंगाला डोंगर, एका अंगाला नीरा नदी. कुनाच्या भरोशावर जायचं? तुझ्या?"

गाडी थांबली. कोंडाबाई उतरली. तिच्यामागं सगळा हौदा उतरला, कोंबड्यांसह. मांडीवरचे न फुटलेले नारळ सांभाळत माणसं वळणाकडं माघारी चालू लागली. मिठाची पोती तेवढी राहिली. त्यांना पाय नव्हते. अण्णा पुढच्या गादीवर बसून मागं बघत होते.

"अण्णा," मानसिंग म्हणाला, "गाडी अडली न्हाई. तुमीच म्हनला व्हता."

"म्हनलो व्हतो. तवा गाडीत मानसं व्हती." अण्णांनी पागोटं काढलं, डोकं खाजवलं, परत घातलं. "हे बघ मानसिंग. वळनावर गाडी अडली तर लोक उशिरा पोचतील. न्हाई अडली तर बसतीलच कशाला? येत्या बाजारला आई परत गाडीत आली तर बरं. न्हाईतर गेनूला बसवतो. त्याच्या हातानं तरी अडंल."

"मी अडवतो की, अण्णा. ब्रेक दाबला की झालं."

"लोकास्नी ब्रेक कळतो, बाबा. हुंकार पायजे. त्यो कुठनं आननार?"

त्या आठवड्यात भोरच्या माळावर आणि वळणापर्यंतच्या रिकाम्या फेऱ्यांत मानसिंगनं जे काम केलं तसं बसऱ्यात कुठल्या साहेबानं केलं नसेल. रोग काढणारे पुष्कळ असतात. रोग मापून घालणं वेगळं. त्यानं सोनबाच्याच हातचा शेंदूर आणला. नाचणीच्या दाण्याएवढा भोकात भरला, तर गाडी वळण ओलांडून जाई. तांदळाएवढा भरला, तर अलीकडं निगुडघरातच बसे, आणि तिथं देवी नव्हती. शेवटी वरईच्या दाण्याएवढा, अंगठ्यानं एकदाच दाबलेला, हे माप त्याला सापडलं. हे माप त्यानं कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला, आणि काय म्हणून?

बाजारच्या दिवशी वळणावर आचका आला, दुसरा आला, उसासा आला. गाडी बरोब्बर दगडासमोर उभी राहिली. हौद्यातून सुस्कारा निघाला. मानसिंग जांभळीखाली गेला नाही. टाकीजवळ हात जोडून उभा राहिला, आणि सगळ्यांत आधी त्याचाच कान पुढं झाला.

"हुंऽऽ."

"आली गं बाई," कोंडाबाई म्हणाली आणि तिनं डोळ्याला पदर लावला. "डायवर, तुमचा हात चांगला हाय. आई मानती तुमाला."

तरीही अण्णांनी गेनूला एक संधी दिली. मानसिंग आजारी पडल्याचं निमित्त झालं आणि गेनू गादीवर बसला. मानसिंगनं अंथरुणातून उठून, आजारीपण सांभाळत, सकाळीच झाकणाला काटा लावला होता. गाडी हिर्डोशीपर्यंत एकदाही थांबली नाही. पोचेपर्यंत हौद्यात फक्त मीठ उरलं होतं. गेनूच्या हाताला आई येत नाही, हे त्या दिवशी ठरलं ते ठरलं, आणि दोन दिवसांत तो वेल्ह्याला परत गेला.

पासलीत रायबा विचारी, "काय रं, कसं काय चाललंय इंजिनाचं?" मानसिंग बूट झटकत म्हणे, "दाबाखाली हाय, दादा." बूट कोरडे होते.

फक्त एकदा काय झालं, मापात चूक झाली. अंगठा जरा जास्त दाबला गेला असावा. गाडी वळणाच्या अलीकडं, चांगली हाकेभर खालीच बसली. सोनबा नारळ घेऊन उतार उतरत आला. त्यानं पूजा केली, हुंकार ऐकला, आणि लोक हौद्यात चढत असताना झाकणावरून बोट फिरवत मानसिंगला म्हणाला, "ह्या बाजारला लई चालाया लावलंस बाबा म्हाताऱ्याला. आईला हल्ली जास्ती शेंदूर सोसत न्हाई. म्होरल्या बारीला वाईच हात राखून लाव."

मानसिंगनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. सोनबा शेळ्यांकडं बघत होता.